दादरच्या बाजारातून फुलं आणायची तर

भांडुपहून पहाटेची गाडी पकडून मी गेली १९ वर्षं दादरहून फुलं आणते. आठवड्यातून तीन वेळा, सणावारी रोज. हार, वेण्या, गजरे, पूजेच्या पुड्या हा माझा घरचा धंदा. सासूबाईंनी सुरू केला, त्यांचे गुडघे गेल्यावर माझ्याकडे आला. गेल्या महिन्यात चाळीतली एक नवी सून विचारायला आली, "काकू, मलाही सुरू करायचंय, एकदा बरोबर न्याल का?" नेलं. पण एका फेरीत सगळं सांगून होत नाही, आणि त्या गर्दीत धड बोलताही येत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहून काढते. घरच्या गणपतीसाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी एकदाच फुलं आणायची असतील, त्यांच्याही हे उपयोगी पडेल.

निघण्याआधी

बाजार पहाटे चारला जागा असतो. पुणे, नाशिक, सातारा, सांगलीकडचा माल रात्रीच उतरलेला असतो. मोगऱ्याची खोकी दक्षिणेकडून येतात, आणि वसई-विरारच्या बागाईतदारांची फुलं पहाटेच्या लोकलने येतात. मी पाचच्या आसपास पोहोचते. त्या वेळी माल भरपूर असतो आणि बघून घ्यायला उजेड पुरतो. नऊनंतर भाव उतरतो खरा, पण तोवर हाताळून हाताळून फुलं मऊ पडलेली असतात. त्याच दिवशी संपवायची असतील तर नऊची फुलं चालतात. हार दुसऱ्या दिवशी द्यायचा असेल तर पहाटेचीच घ्या.

वार बघून निघा. मंगळवारी आणि संकष्टीला सिद्धिविनायकामुळे जास्वंद, दूर्वा आणि एकूणच लाल फूल महाग. श्रावणी सोमवारी बेल. मार्गशीर्षातल्या गुरुवारसाठी बुधवारी पहाटे जावं लागतं, आणि त्या बुधवारी बायकांची इतकी गर्दी असते की निम्मा वेळ वाट काढण्यात जातो. ज्याला सवड आहे त्याने मंगळवारीच शेवंती आणून ओल्या फडक्यात ठेवावी. शेवंती दोन दिवस सहज तग धरते.

बरोबर काय घ्यायचं? दोन मोठ्या कापडी पिशव्या, एक जुनं सुती धोतर किंवा ओढणी, पाण्याची बाटली, सुटे पैसे. आता बहुतेक जण मोबाइलवर पैसे घेतात, पण पानं विकणाऱ्या आजींकडे अजून नोटाच चालतात. पैसे पुढच्या बाजूला, कमरेच्या पिशवीत ठेवा, पाठीवरच्या सॅकमध्ये नकोत. पायात मागे पट्टा असलेली चप्पल हवी. बाजारात फुलांच्या पाकळ्या, पाणी आणि केळीची सोपटं यांचा चिखल झालेला असतो आणि तोच तळव्याला घेऊन आपण स्टेशनचा जिना चढतो. माझ्या डोळ्यांदेखत एक बाई भरलेल्या पाटीसकट चार पायऱ्या घसरली आहे.

तिकीट जाण्यायेण्याचं एकदमच काढा. मोबाइलवर काढत असाल तर स्टेशनात शिरायच्या आधी, रस्त्यावर असतानाच काढा. आठवड्यातून दोन-तीनदा जाणार असाल तर पासच परवडतो. मेट्रोचं दादर स्टेशन १० मे २०२५ पासून सुरू झालंय, पण पहाटे चार-पाचला ती नसते, तेव्हा फुलांच्या कामाला लोकलच.

स्टेशन डोक्यात बसवा

दादर ही मुळात दोन वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांची शेजारी शेजारी उभी राहिलेली दोन स्टेशनं. म्हणून पूर्वी पश्चिम रेल्वेलाही एक नंबरचा प्लॅटफॉर्म होता आणि मध्य रेल्वेलाही. "एक नंबरवर थांब" असं सांगून आमची माणसं किती वेळा चुकली असतील! माझ्या दिराच्या साखरपुड्याच्या दिवशी हार माझ्याकडे, अंगठ्या नणंदेकडे, आणि आम्ही दोघी दोन वेगवेगळ्या एक नंबरांवर पाऊण तास एकमेकींची वाट बघत होतो.

डिसेंबर २०२३ मध्ये हे आकडे सलग केले. आता पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. जुने लोक अजून जुनेच नंबर सांगतात, त्यामुळे विचारताना "नवा का जुना?" असं विचारून घ्या. जुना मध्य रेल्वेचा एक म्हणजे आताचा ८, जुना तीन म्हणजे ९.

ही नवी मोजणी म्हणजे तुमचं होकायंत्र समजा. १ नंबर अगदी पश्चिमेला, १४ अगदी पूर्वेला. पुलावर चढल्यावर जिन्यांवरच्या पाट्या बघत चाला. आकडे लहान होत चालले तर तुम्ही फुलबाजाराकडे जाताय. मोठे होत चालले तर स्वामीनारायण मंदिराकडे, म्हणजे चुकीच्या बाजूला. इतकं लक्षात ठेवलं की दादरला कुणाला वाट विचारावी लागत नाही, आणि पुलाच्या मधोमध थांबून विचारू तर मुळीच नये. मागून शेकडो माणसं येत असतात.

मध्य रेल्वेच्या हळू गाड्या ८ आणि ९ वर, जलद त्यापलीकडे, लांबच्या गाड्या शेवटाला. तरी ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलतात, म्हणून कान घोषणेकडे आणि डोळे इंडिकेटरवर असू द्या. इंडिकेटरवरची अक्षरं नव्या माणसाला फसवतात. मध्य रेल्वेवर के म्हणजे कल्याण, टी म्हणजे ठाणे, एन म्हणजे कसारा, एस म्हणजे कर्जत. आणि गाडी हळू असेल तर तिच्यापुढेही एसच! म्हणजे 'एस एफ' लिहिलं असेल तर ती कर्जत फास्ट, स्लो नव्हे. ए हे अक्षर मध्य रेल्वेवर अंबरनाथ आणि पश्चिम रेल्वेवर अंधेरी. फुलांची पाटी घेऊन चुकून जलद गाडीत चढलात तर बहुतेक वेळा भांडुपला उतरणं विसरा, वाटेत गाडी बदलावी लागेल. हार्बरची गाडी दादरला येतच नाही. चेंबूर, वाशी, पनवेलच्या माणसांनी कुर्ल्याला गाडी बदलावी.

पूल

भांडुपहून आलेली हळू गाडी ९ वर लागते. उतरल्यावर गर्दीबरोबर लगेच जिन्याकडे धावू नका. अर्धा मिनिट खांबाला टेकून थांबा, गाडीची माणसं चढून जाऊ द्या, मग निघा. पहाटे हे अर्धं मिनिट पुरतं, सकाळी आठला तीन-चार मिनिटं लागतात. पण तेवढी द्यायचीच.

मी हे आग्रहाने सांगते आहे त्याला कारण आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दादरच्या शेजारच्याच स्टेशनावर, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड आणि परळला जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. पाऊस आला म्हणून लोक पुलावर थांबले होते आणि मागून गाड्यांची गर्दी येत राहिली. मी त्या दिवशी पहाटे दादरहून झेंडू घेऊन परतले होते. दुपारी बातमी बघताना हातातली सुई खाली ठेवली ती संध्याकाळपर्यंत उचलवली नाही. दसऱ्याचा माल आणायला निघालेली माझ्यासारखीच माणसं असणार त्यांत.

तेव्हापासून माझे काही नियम ठरलेले आहेत. पुलावर पाऊस लागला तरी तिथे थांबायचं नाही, भिजत पुढे जायचं. हातातून काही पडलं, मग ते शंभराच्या मोगऱ्याची पुडी असो की मोबाइल, गर्दीत वाकायचं नाही. दोन्ही हातांत ओझं घ्यायचं नाही, एक हात कठड्यासाठी मोकळा हवाच. आणि जिन्यावर माणसं हलत नाहीत असं दिसलं तर चढायचं नाही, खालीच भिंतीशी उभं राहायचं. एक गाडी चुकली तर पुढची येते. नव्या सुनेला मी पहिल्या दिवशी फुलांबद्दल काही सांगितलं नाही, फक्त हेच सांगितलं.

बाजारात

पश्चिमेला उतरलं की समोर सेनापती बापट मार्ग. टॅक्सीवाले अजून तुळशी पाइप रोड म्हणतात, कारण तुळशी तलावाच्या पाण्याची लाइन याच रस्त्याने गेली. डोक्यावर केशवसुत पूल, त्याच्या खाली आणि बाजूला भाजी, पानं, फुलं. मीनाताई ठाकरे फूल मंडई हा पक्का बाजार, बाकी रस्त्याकडेने पाट्या मांडून बसलेले. पहिल्यांदा जाणाऱ्याला कुठे काय आहे कळत नाही, म्हणून पहिली फेरी मोकळ्या हाताने मारा. काही घेऊ नका. फक्त भाव विचारा आणि पुढे व्हा. एकाच झेंडूचा भाव तीन ठिकाणी तीन असतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा कारणही असतं. एकाचा माल रात्रीचा असतो, एकाचा आदल्या दिवशीचा.

पहाटे भवानीच्या वेळी घासाघीस फार ताणू नका. पहिल्या गिऱ्हाइकाने भाव पाडला तर विक्रेत्याच्या मनाला लागतं, आणि तो माणूस तुम्हाला रोज लागणार आहे. मी ज्यांच्याकडे झेंडू घेते त्या काकांना पहिल्या वर्षी मी एकदाच विचारलं होतं, "काका, खालचा माल असाच आहे ना?" त्यांनी पाटी उलटी करून दाखवली. त्यानंतर आजवर मी दुसरीकडे गेले नाही. असा एकेक माणूस प्रत्येक फुलासाठी शोधायचा. दोन-तीन महिने जातात, पण मग पावसात, सणात, तुटवड्यात तो तुमच्यासाठी पाच किलो बाजूला ठेवतो.

आता फुलं बघायची कशी ते सांगते, कारण धंदा तिथेच तरतो किंवा बुडतो.

झेंडू, आमच्याकडे गोंडा म्हणतात, त्याला कधी वरून बघून घेऊ नये. फूल उलटं करा. देठाकडचा हिरवा पेला दोन बोटांत दाबा. टणक लागला, किंचित करकरला, तर सकाळचा. मऊ दबला किंवा बोटाला ओल लागली, तर आतून सडायला लागलाय, उद्या हारात काळा पडणार. मग हात पाटीच्या तळाशी घाला. तळाची फुलं गरम लागली तर ती पाटी सोडा. गरम म्हणजे माल दाबून ठेवलेला, आतल्या आत उकडलेला. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. भिजलेला झेंडू पाणी धरतो आणि काट्यावर ते पाणीच तुम्ही विकत घेता. मूठभर फुलं उचलून झटकून बघा. पाणी उडालं तर भाव कमी करून मागा, आणि घरी नेल्यावर आधी पंख्याखाली पसरा. एरवी मला चांगला झेंडू ४० ते ६० रुपये किलोने मिळतो, दसरा-दिवाळीला १०० च्या पुढे जातो. एका किलोत साध्या हातभर लांबीचे पाच-सहा हार होतात. अर्थात फूल केवढं आणि हार किती भरगच्च, त्यावर हे ठरतं.

मोगरा कळीचाच घ्यायचा. उमललेला मोगरा दिसायला आणि वासाला मोहात पाडतो, पण गजरा संध्याकाळी डोक्यात माळायचा असतो, तेव्हा कळी संध्याकाळी उमलायला हवी. पांढरी, भरलेली, टोकाशी बंद. हिरवट बारीक कळी घेऊ नका, ती उमलतच नाही, तशीच पिवळी पडते. खोक्यात बर्फ घातलेला असतो. बर्फाला चिकटलेल्या कळ्या काचेसारख्या पारदर्शक होतात, त्या बाजूला काढायला सांगा. उन्हाळ्यात मोगरा स्वस्त, हिवाळ्यात किलोला हजाराच्या पुढे. म्हणून थंडीत मी गजऱ्याची ऑर्डर घेताना भाव आदल्या दिवशी विचारून मगच हो म्हणते. एकदा लग्नाच्या ४० गजऱ्यांचा भाव महिनाभर आधी बोलून बसले आणि शब्द पाळायला घरचे पैसे घातले.

शेवंतीच्या मागच्या पाकळ्या बघा, तपकिरी कड असेल तर शिळी. निशिगंधाची सुटी फुलं किलोवर, काड्या जुडीवर. हाराला सुटी लागतात. गुलाबाची जुडी कागदात गुंडाळलेली असते. विकणाऱ्याला विचारून कागद सोडा आणि मधली दोन फुलं बघा, कडेची नेहमीच सुंदर असतात. सोनचाफा तोलून नाही, मोजून मिळतो. देठ काळा नसला की झालं. दूर्वा, तुळस, बेल, आंब्याचे टाळे हे सगळ्यात शेवटी घ्या, जागा उरेल तसं.

काटा शून्यावर आहे ना, आणि पाटीचं वजन वजा केलं ना, हे रोज बघायचं. ओळखीच्या माणसाकडेही. त्यात अपमान काही नाही, तेही पुण्या-नाशिकच्या मालाचा काटा बघूनच घेतात.

न्यायचं कसं

पहिल्या महिन्यात मी चार किलो झेंडू जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून आणला. भांडुपला सोडला तेव्हा आतून वाफ आली आणि निम्मी फुलं शिजल्यासारखी झाली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं एक जुनं लुगडं फाडून त्याची पिशवी शिवून दिली. ती मी अजून वापरते.

झेंडू कोरडा, कापडी पिशवीत, तोंड सैल. मोगरा, जाई, अनंत हे ओल्या पिळलेल्या फडक्यात गुंडाळून वर. पाणी ठिबकलं नाही पाहिजे, नुसती ओल हवी. गुलाब आणि काड्या उभ्या. सोनचाफा सगळ्यात वर, त्यावर काही ठेवायचं नाही. माल दोन पिशव्यांच्या पुढे गेला तर डोक्यावर पाटी नेणारे हमाल असतात, आधी पैसे ठरवून घ्या आणि त्यांच्या मागोमाग नव्हे, बरोबर चाला.

पाटी किंवा करंडी असेल तर लगेजच्या डब्यातच चढा. बायकांच्या डब्यात पाटी घेऊन शिरलं की कामावर जाणाऱ्या मुलींचे कपडे ओले होतात, भांडणं होतात, आणि त्यांचंही चुकत नाही. माल नेहमी मोठा असेल तर लगेजचा पास काढून घ्या. लगेजच्या डब्याची जागा प्लॅटफॉर्मवर दाखवलेली असते. एकदा ती शोधली की तिथला खांब, नळ, स्टॉल काहीतरी खूण धरून ठेवा. गाडी जेमतेम अर्धं मिनिट थांबते, त्यात शोधाशोध होत नाही. लगेजच्या डब्यात कोळणी, भाजीवाले, पेपरवाले असतात. मी पहिल्यांदा चढले तेव्हा एका मावशीने न विचारता माझी पाटी आत ओढून घेतली आणि म्हणाली, "पोरी, आधी सामान, मग तू." अजून मी तसंच करते, आणि दारात चढताना कुणाची पाटी अडली तर आत ओढते.

आपल्या बाजूने एक गोष्ट चांगली आहे. सकाळची गर्दी मुंबईकडे येणारी असते आणि आपण उलटे, कल्याणकडे निघालेले असतो. ८ वरून हळू गाडी घेतली की साडेसहा-सातला बसायलाही मिळतं. मी खिडकीशी मोगऱ्याची पुडी मांडीवर घेऊन बसते. माटुंगा, शीव, कुर्ला जाईपर्यंत कळ्या निवडून होतात. रविवारी मात्र मेगाब्लॉक बघून निघा. तो बहुतेक वेळा सकाळी उशिरा सुरू होतो, तेव्हा दहाच्या आत घरी पोहोचायचं.

परत निघण्याआधी काही खायचं असेल तर स्टेशनाजवळच मामा काणे आहे, छबिलदासच्या गल्लीत बटाटेवडा आहे. पण मालाची पिशवी खाली भिजक्या फरशीवर ठेवून खात बसू नका. मी गाडीतच घरची पोळी-भाजी खाते. चहा मात्र पुलाखाली, उभ्यानेच.

कोकणात हार पाठवायचे असतील

हे सगळ्यांना लागणार नाही, पण आमच्या भांडुपात कोकणातली माणसं बरीच, म्हणून लिहिते. गावच्या लग्नाला हार मुंबईहून न्यायचे असतील तर दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्सप्रेस सोयीची. आधी तिला राज्यराणी म्हणायचे, २०१७ मध्ये केशवसुतांच्या कवितेवरून नाव बदललं. ती मध्य रेल्वेच्या दादरहून सुटते. तिकिटावर दादरची दोन संक्षिप्त नावं असतात, डीआर म्हणजे मध्य आणि डीडीआर म्हणजे पश्चिम. ते बघूनच कुठल्या बाजूला जायचं ते ठरवा. आणि ही गाडी मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणून तिकिटावर जी तारीख आहे तिच्या आदल्या रात्री जेवून घरातून निघायचं. माझा मामेभाऊ १२ तारखेचं तिकीट घेऊन १२ च्या रात्री गेला. गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती आणि दोन जोड्या वरमाला माझ्याच घरी परत आल्या. अशा प्रवासाला हार संध्याकाळी उशिरा ओवून, केळीच्या पानात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून द्यायचे. निशिगंध आणि शेवंती सकाळपर्यंत ताजी राहतात. नुसता गुलाब पाठवू नका, पाकळ्या झडतात.

दसरा

दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत नव्या माणसाने दादरला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना जाणं भाग आहे त्यांनी तीन दिवस आधी, पहाटे. झेंडू कोरडा ठेवला तर टिकतो. या दिवसांत कसारा, शहापूर, मुरबाडकडच्या आदिवासी बायका आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्यांची तोरणं घेऊन येतात. रात्री तिथेच फुटपाथवर निजतात, पहाटे विकतात, संपलं की गाडी पकडतात. त्यांच्याशी दहा रुपयांवरून ओढाताण करू नका. त्या लोंब्या शेतातून कापून, जुड्या बांधून, दोन गाड्या बदलून इथवर आलेल्या असतात. तोरणं एकदम दहा घेतली तर त्या आपणहून एक जास्त देतात.

आपट्याची पानं घेताना नीट बघा. बाजारात कांचनाचीही पानं आपटा म्हणून येतात. दोन्हींचा आकार जोडपानासारखा असतो, पण आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. विकणाऱ्या बाईला विचारलं तर ती खरं सांगते, असा माझा अनुभव आहे. आणि सोनं म्हणून वाटायला मूठभर पानं पुरतात. अख्ख्या फांद्या घेऊ नका, झाडं ओरबाडली जातात आणि दुसऱ्या दिवशी त्या फांद्या कचऱ्यात दिसतात.

घरी आल्यावर

दारात पिशवी टेकवली की आधी झेंडू मोकळा करा, जमिनीवर जुन्या चादरीवर पसरा, पंखा लावा. मोगऱ्याचं फडकं पुन्हा ओलं करून पिळा आणि माठाशेजारी ठेवा. घरात फ्रिज असला तरी गजऱ्याच्या कळ्या फार थंड करू नका, संध्याकाळी उमलत नाहीत. दोरा आधी भिजवून घ्या, कोरडा दोरा निशिगंधाची नळी चिरतो. वेणीला केळीचा वाख असेल तर उत्तम, तो फुलाला कापत नाही. आधी गुलाब आणि सोनचाफ्याच्या पुड्या करून गिऱ्हाइकांकडे पोचवा, मग निशिगंध ओवा, मग शेवंती. झेंडूचे हार सगळ्यात शेवटी, जेवण झाल्यावर. मोगऱ्याला तीन वाजता हात लावायचा, कळी तेव्हा टोकाशी किंचित सैल होते आणि गाठ बरोबर बसते.